स्फूर्तीची वाट बघू नका

दोस्तहो, ‘स्फूर्ती येत नाही’ म्हणून रडू नका. ती वाट बघणं स्वतंत्र खोली असणाऱ्यांना परवडतं. अण्णा भाऊ साठेंना शाळा जवळजवळ मिळालीच नाही. तरी ते गिरणीत खपले, चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले आणि लिहीत राहिले. १९५९ साली ‘फकिरा’ कादंबरी आली.

मी खिशात १० रुपयांची वही ठेवतो. लोकलमध्ये, नाक्यावर ऐकलेलं एक वाक्य रोज टिपतो, बोलणाऱ्याच्याच भाषेत. रात्री त्यावर १० ओळी. लईच थकलो तर ५. सकाळी आईला वाचून दाखवतो. तिला अडलं, तिथं शब्द बदलतो.

आपण लिहिलं नाही तर आपल्याबद्दल दुसरेच लिहितील. आजवर तेच झालंय. वही काढा, आजची तारीख टाका.