घर मराठी, लेखणी शेजारची

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



‘आमचे आवडते थोर लेखक’ या विषयावर बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. आम्ही साहित्याचे प्राध्यापक नव्हे, समीक्षक तर नव्हेच. केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींवर टिपणे लिहिण्यात आयुष्य घालविलेले आम्ही एक साधे बी. ए. आहोत. बदलीच्या प्रत्येक हुकमासरशी भांडीकुंडी बांधली, तशी पुस्तकांची एक ट्रंकही बांधली, एवढाच आमचा साहित्याशी संबंध. त्या ट्रंकेत हरिभाऊ आपटे होते, केशवसुत होते, गडकरी होते. आणि मामा वरेरकरांनी मराठीत आणलेले शरदबाबू होते. ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा यांची जागा ट्रंकेत नव्हे, देवघरात होती. या सर्वांविषयी बोलण्यास महाराष्ट्रात अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. आपल्यासारख्या दूरदेशी वसलेल्या मराठी कुटुंबांसमोर आज आम्हांस बोलायचे आहे ते निराळ्या लेखकांविषयी. त्यांच्या घरात मराठी बोलली जात होती, आणि त्यांनी लिहिले ते मात्र शेजाऱ्याच्या भाषेत.

या लेखकांकडे आम्ही स्वतःहून वळलो असे सांगितले तर ते खरे होणार नाही. आम्हांस वळविले ते आमच्या धाकट्या कन्येने. ती शाळेत असताना एके दिवशी हिंदीचे पाठ्यपुस्तक घेऊन आली. एका कवितेखाली नाव होते, गजानन माधव मुक्तिबोध. तिने विचारले, “बाबा, यांचे नाव आपल्यातल्यासारखे कसे?” आम्ही वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो, “असेल कोणी मराठी.” ती म्हणाली, “मग तुम्ही यांचे काही वाचलेले नाही?” वाचले नव्हते. उलट हिंदी कथाकादंबऱ्यांत डोके खुपसून बसते आणि मराठी पुस्तकाला हात लावीत नाही, म्हणून त्या पोरीला आम्ही कितीदा तरी बोल लावला होता. त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही. आजचे भाषण म्हणजे तिला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

मुक्तिबोधांचा जन्म १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. १९४३ साली ‘तार सप्तक’ निघाले आणि हिंदी कवितेने नवे वळण घेतले. त्या सात कवींपैकी मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठी घरातले होते, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असेल? मुक्तिबोधांची कविता सोपी नाही. ती लांब आहे, अंधारी आहे, आणि ती वाचणाऱ्या मध्यमवर्गीय माणसास त्याच्याच घराच्या तळघरात नेऊन उभे करते. परंतु त्यांच्या ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेपाशी आलो, आणि एकदम ओळखीचे वारे लागले. आजीच्या गोष्टीतला तो विद्वान ब्राह्मणाचा समंध येथे पडक्या विहिरीत बसून आपले अंग घासूनपुसून धूत असतो आणि मळ काही केल्या निघत नाही. ज्ञान मिळविले पण ते लोकांच्या उपयोगी पडले नाही, या एका दुःखाची ती कविता आहे. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला ती फार जवळून लागते. मुक्तिबोध १९६४ च्या सप्टेंबरात दिल्लीस वारले. त्यांचा पहिला काव्यसंग्रह त्यांस डोळ्यांनी पाहावयास मिळाला नाही.

त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीत लिहीत राहिले. ‘नवी मळवाट’ हा त्यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध आहे, आणि १९७९ साली साहित्य अकादमीने त्यांच्या मराठी समीक्षाग्रंथाचा गौरव केला. एकाच आईचे दोन पुत्र, एक हिंदीचा मोठा कवी आणि दुसरा मराठीचा मान्यवर कवी. या घराविषयी आम्ही पुनःपुन्हा विचार करतो. त्याकडे शेवटी परत येऊ.

आता हिंदी प्रांतातून थोडे पूर्वेकडे चला. देवघरजवळच्या एका खेड्यात १८६९ साली सखाराम गणेश देऊसकर जन्मले. मूळ घराणे कोकणातल्या देऊस गावचे. सखारामपंत शाळामास्तर झाले, पुढे कलकत्त्यास ‘हितवादी’ पत्राचे संपादक झाले. १९०४ साली त्यांचा ‘देशेर कथा’ हा बंगाली ग्रंथ प्रसिद्ध झाला. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त, डिग्बी यांनी इंग्रजीत मांडलेले आकडे घेऊन, येथील विणकर आणि कारागीर कसे बुडाले आणि देशाची संपत्ती कशी बाहेर गेली, हे त्यांनी साध्या बंगाली वाचकासमोर ठेवले. स्वदेशीच्या चळवळीत हा ग्रंथ घरोघर गेला, आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. बंगाल्यात शिवाजीउत्सवाची प्रथा रुजविण्यातही देऊसकरांचा मोठा वाटा होता. रवींद्रनाथांनी शिवछत्रपतींवर कविता लिहिली ती त्याच १९०४ साली.

हा बंगाली ग्रंथ हिंदीत कोणी नेला? देऊसकरांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर यांनी. मामाने बंगालीत लिहावे आणि काशीत जन्मलेल्या भाच्याने ते हिंदीत उतरवावे, दोघांच्या घरची भाषा मराठी! हेच पराडकर पुढे काशीच्या ‘आज’ या दैनिकाचे संपादक झाले, आणि हिंदी वृत्तपत्रांची भाषा घडविणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या पंक्तीत घेतले जाते. त्याच पंक्तीतले माधवराव सप्रे. १९०० साली छत्तीसगडातील पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. १९०१ सालची त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतील अगदी आरंभीच्या कथांत गणली जाते. एका विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला टोपलीभर माती उचलता येत नाही, एवढीच गोष्ट. पण वाचून झाल्यावर मनावरचा भार उतरत नाही. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदी वाचकाच्या हाती दिला तोही सप्र्यांनीच.

गुजरातेत काकासाहेब कालेलकर. साताऱ्यास १८८५ साली जन्मलेल्या या माणसाला गांधीजी कौतुकाने ‘सवाई गुजराती’ म्हणत. काकासाहेबांचा हिमालयाचा प्रवास वाचावा, बालपणीच्या आठवणी वाचाव्या, पण आमचे विशेष प्रेम आहे ते त्यांच्या नद्यांवरील लेखनावर. भारतातल्या किती नद्यांच्या काठी ते भक्तिभावाने जाऊन उभे राहिले! परंतु ज्याचे बालपण कृष्णेच्या खोऱ्यात गेले, त्यालाच नदीला आई म्हणण्याची ही सवय लागली असावी, असे आम्हांस नेहमी वाटते. १९६५ साली साहित्य अकादमीने त्यांना पारितोषिक दिले ते गुजराती ग्रंथाबद्दल.

आणि सर्वांत शेवटी धारवाड. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, शिक्षण काही काळ पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, आणि कविता कानडी. धारवाडच्या रस्त्यावरची, बाजारातली, बायाबापड्यांची बोली त्यांनी काव्यात आणली. टोपणनाव घेतले ‘अंबिकातनयदत्त’, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. आईचे नाव पुढे, आपले मागे. ‘नाकु तंती’, म्हणजे चार तारा, या संग्रहास १९७३ सालचे ज्ञानपीठ मिळाले. योगायोग पाहा. त्याच धारवाडात इंग्रजी शिकविणारे जी. ए. कुलकर्णी कानडी वस्तीत राहून मराठी कथा लिहीत होते, आणि त्यांच्या ‘काजळमाया’स साहित्य अकादमीचे पारितोषिक जाहीर झाले तेही १९७३ चे. एक मराठी घरचा कवी कानडीचा मुकुटमणी, आणि मराठीचा एक श्रेष्ठ कथाकार कानडी गावचा रहिवासी!

सभ्य स्त्रीपुरुषहो, ही नावे ऐकून आपल्या छात्या अभिमानाने फुगल्या असतील. आमचीही फुगली होती. परंतु थोडे थांबावे. बेंद्रे ‘आपले’ असे आपण म्हणू लागलो, तर धारवाडचा शेजारी हसेल, आणि त्याचे हसणे योग्य ठरेल. ज्यांनी बेंद्र्यांच्या ओळी मुखोद्गत केल्या, बेंद्रे त्यांचे. आपण त्यांची एक ओळही न वाचता नुसते आडनाव मिरवावे, यात कसला पुरुषार्थ?

दुसरी चूक याहून गोड आहे. मुले हिंदीत, बंगालीत, इंग्रजीत वाचतात, तर वाचू द्या, उद्या त्यांतून एखादा मुक्तिबोध निघेल, असे म्हणून आपण निर्धास्त होऊ शकतो. पण मुक्तिबोधांच्या घरात एक भाऊ हिंदीत गेला तरी दुसऱ्यासाठी मराठीचे दार उघडे होते. सप्र्यांना दासबोध हिंदीत नेता आला, कारण तो त्यांना मराठीत वाचता येत होता. ज्याच्या एका हातात काहीच नाही, तो दुसऱ्या हाताला देणार काय? शेजाऱ्याची भाषा मनापासून आपलीशी करावी आणि घरची भाषाही हातची जाऊ देऊ नये, ही दोन्ही कामे एकत्र होऊ शकतात, एवढीच साक्ष हे लेखक देतात. ती आपोआप होतात असे मात्र ते सांगत नाहीत.

आमच्या घरी आम्ही एक तह केला. कन्येने आम्हांस थोरल्या मुक्तिबोधांची कविता वाचून दाखवावी आणि आम्ही तिच्याकडून धाकट्यांची वाचून घ्यावी. पहिल्याच दिवशी तिने ‘नवी मलवाट’ असे वाचले. ‘ळ’ तिच्या जिभेवर बसला नव्हता, आणि तो बसविण्याचे काम आम्ही कधी केलेच नव्हते. उलट हिंदी वाचताना ‘आवाज’ पुल्लिंगी केल्याबद्दल तिने आम्हांस तीनदा थांबविले. ‘ळ’ यायला दोन महिने लागले. आमचा ‘आवाज’ अद्याप अधूनमधून पुल्लिंगी होतो.

मंडळाला एक विनंती करून आम्ही बसतो. ग्रंथालयाच्या कपाटात एक खण या लेखकांसाठी राखावा, मूळ भाषेतील पुस्तके आणि मराठी अनुवाद शेजारी शेजारी ठेवावे. महिन्यातून एक सायंकाळ अशी ठेवावी की मुलांनी आपल्या शाळेच्या भाषेतले एक पान आणून ते मराठीत सांगावे, आणि वडीलधाऱ्यांनी मराठीचे एक पान मुलांना वाचून दाखवावे. मुले अडखळतील. त्या वेळी कोणी हसू नये, एवढे पथ्य पाळावे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या गावात हे मंडळ उभे केले, त्यांची मुलेही येथल्याच शाळांत शिकली. त्यांच्या कष्टांची फेड करण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस तरी दिसत नाही.