फोन धरून ठेवा

तिसगावच्या शिवारात कपाशीवर कीड दिसली, तर आता शेतकरी पाथर्डीची वाट धरण्याआधी खिशातला मोबाइल काढतो. किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झाले. १८००-१८०-१५५१ हा त्याचा क्रमांक. पैसे पडत नाहीत, आणि सकाळी सहा ते रात्री दहा मराठीतूनही विचारता येते. सोय उत्तमच. परंतु असल्या कोणत्याही मोठ्या ठिकाणी फोन लावा, माणूस भेटण्याआधी यंत्र भेटते. ‘आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा.’ मग वाद्यसंगीत. अन् या रांगेतच कित्येकजण कंटाळून किंवा गोंधळून फोन ठेवून देतात. पुन्हा लावला की रांगेच्या शेवटी!

हा गोंधळ का होतो ते पाहू. साध्या टेलिफोनची तार आवाजाचा सगळा पसारा वाहून नेत नाही. सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपने, एवढाच पट्टा ती नेते. बोलणे समजायला तो पुरतो. डग्ग्याचा घुमारा मात्र त्याच्या खालीच राहतो. मोबाइल तर आवाज आणखी आवळून पाठवतो, आणि आवळण्याची ती रीत माणसाच्या बोलण्यावर बेतलेली. सनईचा लांब सूर आला की पंख्याची घरघर समजून यंत्र तो दाबूनही टाकते. म्हणून संगीत तुटक येते, मध्येच गडप होते, आणि ऐकणाऱ्याला वाटते, गेली लाईन. आकाशवाणीवर गोड लागणारी सनई फोनवर तशी लागेलच असे नाही, बरं का.

मुळात हे संगीत आले कोठून? आल्फ्रेड लेव्ही नावाच्या अमेरिकन कारखानदाराच्या इमारतीत एक सुटी तार लोखंडी तुळईला टेकली, आणि शेजारच्या रेडिओ केंद्राचे गाणे थांबवून ठेवलेल्या फोनवर ऐकू येऊ लागले, असे सांगतात. त्याने १९६२ साली पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६६ मध्ये मिळाले. हेतू चांगला होता. निःशब्द फोन मेल्यासारखा वाटतो.

पण खरी फसगत पुढेच आहे. संगीत थांबते, कोणी बाई बोलू लागते, आणि आपला शेतकरी ‘ताई, माझ्या कपाशीला…’ म्हणून सगळी हकीकत सांगू लागतो. ताई ऐकत नसते. ती ध्वनिमुद्रित असते. सूचना संपते, पुन्हा संगीत. आपल्याला झिडकारले असे समजून तो फोन ठेवतो. हा दोष त्याचा नव्हे, सूचना लिहिणाराचा आहे.

तेव्हा पतसंस्था, दूधसंघ, शाळा यांच्या कार्यालयांत अशी सोय बसवणार असाल, तर गुरुजी, मजकूर तुम्हीच लिहून द्या. पहिलेच वाक्य असे घाला: ‘ही ध्वनिमुद्रित सूचना आहे, फोन चालू आहे, ठेवू नका.’ अर्ध्या मिनिटाला ते पुन्हा येऊ द्या. संगीत नसले तरी चालेल. मराठी आधी. ‘तीन दाबा, तक्रारीसाठी’ असे नको. ‘तक्रारीसाठी तीन दाबा’ असे हवे, कारण आकडा आधी आला तर काम कळेपर्यंत तो विसरतो. ध्वनिमुद्रण करताना ओरडू नका, ओरडलेला आवाज तारेवर फाटतो. आणि दिवाळीच्या सुट्टीची सूचना शिमग्यापर्यंत वाजत ठेवू नका. हे हसण्यासारखे वाटेल, पण पुष्कळ ठिकाणी घडते.

हे दोष कार्यालयातल्या माणसाला कळत नाहीत, कारण तो स्वतःच्याच क्रमांकावर कधी थांबून राहत नाही. म्हणून महिन्यातून एकदा कोणी तरी एस.टी.च्या थांब्यावर, गाड्यांच्या गलबल्यात उभे राहून, साध्या मोबाइलवरून आपल्याच कार्यालयाला फोन लावावा, आणि काय ऐकू येते ते वहीत टिपून घ्यावे.