गुन्हेशास्त्राचा विद्यार्थी आणि त्याची तयारी



गुन्हेशास्त्र हा शब्द कानीं पडतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें भिंग हातीं घेतलेला गुप्तहेर उभा राहतो. कादंबऱ्यांनीं व पडद्यानें घडविलेली ही मूर्ति मनोरंजक खरी. परंतु तिच्या नादानें जो तरुण या विषयाकडे वळतो, त्याची निराशा ठरलेली. ‘गुन्हेशास्त्रज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात वर्तमानपत्रांत क्वचितच आढळते.

या विद्येचें खरें काम पाहावयास वर्धा जिल्ह्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. सेवाग्राम येथें डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानें १९६९ सालीं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. तेथील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनीं अत्याचारपीडित स्त्रियांची वैद्यकीय तपासणी कशी होते याचा अभ्यास करून तींतील दोष २०१० सालीं एका अहवालांत मांडले. ‘दोन बोटांची चाचणी’ हा अशास्त्रीय व मानहानिकारक प्रकार त्या काळीं सर्रास चाले, आणि न्यायालयास हवा तो पुरावा मात्र नोंदावयाचा राहून जाई. हा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपानें उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेला. २०१३ सालीं महाराष्ट्र शासनानें तपासणीची नवी पद्धति घालून दिली. पुढें २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असें बजावलें. यांत पाठलाग नाहीं, वेषांतर नाहीं. तपासणीचे कागद चिकाटीनें वाचणें, त्यांत काय लिहिलें नाहीं तें हेरणें, आणि तें न्यायाधीशास समजेल अशा भाषेंत मांडणें, एवढेंच आहे. पण त्यानें किती अभागिनींची दुसरी विटंबना टळली असेल!

मात्र हें काम करणारा गृहस्थ आधीं डॉक्टर होता, हें विद्यार्थ्यांच्या पालकांनीं विसरूं नये. माझ्या मतें सारी मेख येथेंच आहे. गुन्हेशास्त्र हें बहुधा दुसऱ्या विद्येच्या खांद्यावर बसून चालतें. ती पहिली विद्या कोणती, यावर पुढील वाट ठरते. प्रयोगशाळेंत जावयाचें तर रसायन, भौतिक किंवा जीवशास्त्र पक्कें हवें. त्यासाठीं नागपुरांत शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें सात वर्षें वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानें घटनास्थळीं जाऊन पुरावा गोळा करावा असें ठरविलें असून, ही व्यवस्था उभारण्यास राज्यांना पांच वर्षांची मुदत आहे. तेव्हां या बाजूस माणसें लागतील. सरकारी अभियोक्ता व्हावयाचें तर कायद्याची पदवी घेऊन वकिली केली पाहिजे.

तिसरी वाट सुधारणेची. तिच्याकडे आमच्या मध्यमवर्गाचें लक्ष थोडें, आणि माझा कल मात्र तिच्याचकडे आहे. गांधीजींनीं १९४७ सालीं दिल्लीच्या प्रार्थनासभेंत गुन्हेगारास रोगी समजावें व तुरुंगास रुग्णालयाचें रूप यावें असें म्हटलें होतें. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, जिची स्थापना १९३६ ची, हें शिक्षण देते. तिचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून बंद्यांच्या पुनर्वसनाचें काम करीत आला आहे. बालन्याय कायद्याप्रमाणें मूल मंडळापुढें आलें कीं परिविक्षा अधिकाऱ्यानें पंधरा दिवसांत त्याच्या घरची, शाळेची, संगतीची चौकशी करून अहवाल द्यावयाचा असतो. त्या चार पानांवर एका पोराचें पुढचें आयुष्य अवलंबून असतें! तो लिहिणाऱ्यास मराठी शुद्ध व निःसंदिग्ध लिहितां आली पाहिजे, आणि परक्याच्या ओसरीवर बसून बायाबापड्यांना बोलतें करतां आलें पाहिजे. पहिली गोष्ट महाविद्यालय शिकवील. दुसरी कोण शिकविणार?

म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें दोन गोष्टी कराव्या. वर्धा जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तरी चोरटी दारू मिळतेच. ती कोण गाळतो, कोण वाहतो, पकडला कोण जातो, आणि त्याच्या घरीं चूल कशी पेटते, हें एखाद्या गांवांत आठ दिवस राहून नुसतें ऐकावें व टिपून ठेवावें. मग जिल्हा न्यायालयांत जाऊन मागच्या बाकावर बसावें. सुनावणी सामान्यतः सर्वांस खुली असते. चार-सहा दिवस साक्षी ऐकून कंटाळा आला नाहीं, तर अर्ज अवश्य भरावा.