ही वाट कुणाच्या जमिनीतून जाते?

घराबाहेर एक रात्र काढायची तरी जिला परवानगी मागावी लागते, तिला ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधली मोटरसायकल सफर म्हणजे मुक्तीच वाटेल. पाच-सहाजणींनी मिळून निघायचे, पाणी-पेट्रोल जास्तीचे घ्यायचे, अंधारात कांगारू आडवे येतात म्हणून दिवस मावळायच्या आत तंबू ठोकायचे. हा आनंद आपल्या हक्काचा आहे.

पण तो लाल माळ ओसाड नाही. उलुरूची मालकी १९८५ साली तिथल्या अनांगू लोकांना कायद्याने परत मिळाली. त्यावर चढणे २०१९ पासून बंद आहे. काही जागा फक्त बायकांच्या विधींच्या. त्यांचे फोटो काढू नयेत, असे त्या सांगतात. १९७० नंतरच्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियात जमीनहक्काची लढाई झाली, तेव्हा बायकांना कुणी विचारले नाही. म्हणून वाळवंटातल्या बायकांनी १९८० साली स्वतःची 'एनपीवाय विमेन्स कौन्सिल' उभी केली. सातबारावर बाईचे नाव लागावे म्हणून भांडणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजवायला नको.

तिथल्या आदिवासी जमिनीतून जाताना अनेक ठिकाणी परवाना लागतो. तो कटकट समजू नका. फिरायला नवऱ्याची परवानगी नको. पण जिच्या जमिनीवर आपण चूल मांडणार, तिची घ्यायलाच हवी.