सम चुकली तेव्हा

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण सुरुवातीलाच मी पाय आपटणार आहे.

(घुंगरांचा आवाज)

ऐकलंत? एका पायात शंभर, दुसऱ्या पायात शंभर. माझ्या पहिल्या एकल कार्यक्रमात ही दोनशे घुंगरं नेमकी समेवर गप्प बसली होती. आज तीच गोष्ट सांगते.

मी पुण्यात कथक शिकते. क्लास आठवड्यातून दोनदा, बाकी रियाज घरी, फोनवर लेहरा लावून. लेहरा म्हणजे एका आवर्तनात बसणारी छोटीशी चाल, हार्मोनियमवर किंवा सारंगीवर ती फिरत राहते. ॲपमध्ये लय सेट केली की झालं. फोन दमत नाही, थांबत नाही. मला वाटायचं, आपला ताल पक्का आहे.

आता थोडं गणित. तीनतालात सोळा मात्रा. पहिली मात्रा म्हणजे सम. तिहाईत एकच तुकडा तीनदा घ्यायचा आणि शेवटचा बोल समेवर पाडायचा. माझी तिहाई अगदी साधी होती: तिग दा दिग दिग थै. पाच मात्रा, तीन वेळा, म्हणजे पंधरा. तिसऱ्या मात्रेवरून उचलली की शेवटचा 'थै' बरोबर पुढच्या समेवर येतो.

मी उचलली दुसऱ्या मात्रेवरून.

हात वर, मान तिरकी, चेहऱ्यावर हसू, आणि मी सोळाव्या मात्रेवर उभी. मग एक मात्रा नुसती रिकामी. मग तबल्यावर सम आली. माझ्याशिवाय. पहिल्या रांगेत आई जोरात टाळ्या वाजवत होती, तिला काही कळलं नव्हतं. तेच जास्त लागलं.

रात्री ताईंना फोन करून म्हटलं, "यापुढे मी फक्त ग्रुपमध्ये नाचेन." ताई म्हणाल्या, "बरं. उद्या ये, घुंगरू आणू नकोस."

दोन महिने मी बसून होते! हाताने टाळी धरायची आणि बोल तोंडाने म्हणायचे, म्हणजे पढंत. समोर माझ्याहून लहान मुली नाचतायत आणि मी सतरंजीवर. राग यायचा. पण तिथेच चोरी पकडली गेली. लेहरा बंद केला की नवव्या मात्रेला, खालीला, मी दरवेळी पुढे पळायचे. मला ताल येतच नव्हता हो, मला चाल पाठ होती! स्टेजवर तबला जोरात होता, हार्मोनियम नीट ऐकू आली नाही, आणि मी हरवले.

ॲप वाईट नाहीये, मी अजून वापरते. पण आधी आवाज बंद करून एकदा पढंत.

परवा परत तीच तिहाई केली. आधी माइकवर बोलले, मग नाचले. 'थै' आणि तबल्याचा 'धा' एकत्र पडले. तबल्याच्या दादांनी नुसती मान हलवली.

बसमध्ये असाल तर मांडीवर करून बघा. 1, 5, 13 ला टाळी, 9 ला हात उलटा. एक आवर्तन मोजा, पुढच्यात तिसरीवरून उचला. पळालात तर पुन्हा पहिल्यापासून. शेजारचे बघतील, बघू देत.