दुबईस निघालेल्यांसाठी

श्रोतेहो, इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून दुबईचे पहिले विमान 2019 च्या जुलैत उडाले आणि येथल्या मराठी घरांतूनही लेकीसुनांकडे तिकडे जाणे वाढले. पारपत्र, व्हिसा, दिऱ्हम यांची चौकशी सारेच करतात. तेथील घड्याळ आपल्या दीड तास मागे, हेही ठाऊक असते. मला बोलावयाचे आहे ते फराळाच्या डब्याविषयी.

मंदसौर-नीमचकडे परवान्याने अफू पिकते. त्याच बोंडातले बी म्हणजे आपली खसखस. आपल्याकडे ती वाण्याकडे उघड मिळते. संयुक्त अरब अमिरातीत मात्र अमली पदार्थांच्या कायद्याने निषिद्ध आहे. खसखशीने गुंगी येत नाही, हा युक्तिवाद तेथे चालत नाही. सुटी पुडी तर नकोच, पण अनारशाला लावलेली, लाडवात मिसळलेली, मसाल्यात कुटलेली खसखसही नको. नातवासाठी नेलेल्या अनारशांपायी आजीला चौकीत बसावे लागणे, ही कल्पनाही सोसवत नाही! चकल्या न्याव्यात, बेसनाचे लाडू न्यावेत.

औषधांचेही तसेच. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी यांसाठी तेथील सरकारी परवानगी निघण्यापूर्वीच घ्यावी. गोळ्या मूळ वेष्टनात असाव्यात, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असावी.

आणि शेजारच्या काकूंनी भाच्यासाठी आयत्या वेळी दिलेले पुडके? ते त्यांच्यासमोरच उघडून पाहावे. संकोच वाटेल, तरी पाहावे.