पर्याय ‘ड’
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल, आमच्या पोरांना नोकऱ्या मिळणार का ते सांग,’ असा आग्रह होता. त्याचं उत्तर मला माहीत असतं तर मी आधी माझ्या मुलीला सांगितलं असतं. तेव्हा मी दुसऱ्याच विषयावर बोलणार आहे.

गेले चार महिने माझा भाचा जीमॅटचा अभ्यास करतोय. एमबीएच्या प्रवेशासाठीची ही परीक्षा. २०२३ साली तिचं रूप बदललं आणि वाक्यं दुरुस्त करण्याचे प्रश्न गेले. भाषेच्या भागात आता ४५ मिनिटांत २३ प्रश्न, त्यात उतारे आणि युक्तिवाद एवढंच. भाच्याचं गणित पक्कं आहे. तो अडतो युक्तिवादात, आणि त्यातही एकाच तऱ्हेच्या प्रश्नाला: खालीलपैकी कोणता पर्याय हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करतो? दर रविवारी सकाळी तो पुस्तक घेऊन आमच्याकडे येतो आणि पोह्यांबरोबर आमची वादावादी चालते.

मी त्याच्यासाठी रचलेला एक प्रश्न सांगते. एका गावात वाचनालय सुरू झालं. त्याच वर्षी तिथल्या शाळेचा दहावीचा निकाल ६० टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर गेला. म्हणून वाचनालयामुळे निकाल सुधारला. आता करा कमकुवत. भाचा म्हणाला, ‘एका वर्षात निकाल एवढा वाढणं शक्यच नाही.’ मी म्हटलं, बाद. मग म्हणाला, ‘काही पोरं तिथे जाऊन पेपरातलं क्रिकेटच वाचतात.’ वाचू देत की. बाकीची अभ्यास करत असतील.

पहिलं उत्तर बाद का, हे आपल्या भूमितीच्या सरांनी चटकन सांगितलं असतं. पक्ष, साध्य, सिद्धता. पक्ष म्हणजे दिलेली गोष्ट. त्रिकोण समद्विभुज आहे असं दिलं की आहे, आकृती कशीही दिसो. ‘पक्षाशी भांडायचं नाही,’ असं सर डस्टर आपटून सांगायचे. जीमॅटलाही तेच. वाचनालय उघडलं हे खरं, निकाल वाढला हेही खरं. आपल्याला हात घालायचा तो मधल्या ‘म्हणून’ला. बरोबर पर्याय असा होता: त्याच वर्षी शाळेने नववीतल्या कच्च्या मुलांना काढून १७ नंबरचा फॉर्म भरायला लावला. हसताय ना? काहींना तो फॉर्म चांगलाच आठवतोय.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं आपण लहानपणापासून म्हणतो. पण म्हणण्यापुरतंच. स्वतःच्या डोक्यात असा एखादा ‘म्हणून’ बसला की कावळा दिसत नाही, फांदी तेवढी दिसते.

‘म्हणून’ तोडण्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण परीक्षेतलं नाही, खरं घडलेलं आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. कॉलरा दूषित हवेतून होतो, असं तेव्हाच्या बहुतेक जाणत्या लोकांचं मत होतं. भागात दुर्गंधी आहे, भागात कॉलरा आहे, म्हणून दुर्गंधीमुळे कॉलरा. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरला ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्याचा संशय होता. दुर्गंधी नाही असं म्हणत तो भांडत बसला नाही. त्याने दोन तऱ्हेची माणसं शोधली. पंपाजवळच बीअरचा कारखाना होता. तिथे सत्तरहून जास्त कामगार होते आणि त्यांतला एकही कॉलऱ्याने गेला नाही. ते प्यायचे बीअर, आणि कारखान्याची विहीरही वेगळी. म्हणजे हवा तीच, पण रोग नाही. उलट हॅम्पस्टेडला, काही मैल लांब, एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. ती पूर्वी या भागात राहायची. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून रोज ते पाणी मागवायची. तिथे ती हवा नाही, पण रोग आहे.

एवढ्याने पाण्याची बाजू सिद्ध झाली का? नाही. हवेची बाजू लंगडी झाली, इतकंच. कमकुवत करणं आणि खोटं ठरवणं यांतला हा फरक भाच्याला अजून नीट पचलेला नाही. आणि गंमत पाहा, ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला आणि म्हणून साथ थांबली, ही गोष्ट आपण ऐकतो, तिच्यातला ‘म्हणून’ही तितकासा पक्का नाही. साथ त्याआधीच ओसरायला लागली होती. स्नोने स्वतः तसं लिहून ठेवलं आहे.

माझ्या नोकरीत हे रोजचंच. गुरुवारी नवी आवृत्ती चढवली, शुक्रवारी तक्रारी वाढल्या, म्हणून ज्याने आवृत्ती लिहिली त्याची चूक. शुक्रवारी एक तारीख होती, पगार झाले होते, वापरणारेच दुप्पट होते, हे कुणीतरी सांगेपर्यंत एखाद्या पोराची रात्र वाईट जाते.

पण हा विषय मी भाच्यासाठी किंवा नोकरीसाठी घेतलेला नाही.

आठवीच्या डिसेंबरातला सोमवार आठवा. सहलीचे जमलेले ३६० रुपये मॉनिटरच्या कंपासपेटीत होते. पी.टी.चा तास करून आपण वर आलो तर पेटी रिकामी. त्या तासाला वर्गात एकच मुलगी होती. ताप होता, म्हणून तिला बाकावर डोकं ठेवून बसायची परवानगी मिळाली होती. मंगळवारी ती नव्याकोऱ्या चपला घालून आली. तिच्या घरची परिस्थिती सगळ्यांना ठाऊक होती. मधल्या सुट्टीपर्यंत आपला युक्तिवाद तयार होता. पैसे गेले, ती एकटी होती, दुसऱ्या दिवशी नव्या चपला आल्या, म्हणून तिनेच घेतले.

आपल्या वर्गशिक्षिका बाईंनी एकदाच सगळ्यांना मिळून विचारलं, कुणाकडे बोट दाखवलं नाही आणि पैसे स्वतःच्या पर्समधून भरले. बाई, तुम्ही विषय मिटवलात. आम्ही नाही मिटवला. दहावीपर्यंत ती शेवटच्या बाकावर एकटी बसली, डबाही एकटीने खाल्ला. तिला एक नाव पडलं. ते मी इथे घेत नाही, इथल्या बऱ्याच जणांना ते आत्ता आठवलं असेल.

आता याला जीमॅटसारखे पर्याय लावा. अ: ती स्वभावाने चांगली होती. मनाला पटतं, पण चपलांचं काय? ब: ‘मी घेतले नाहीत’ असं ती म्हणाली. घेणाराही तेच म्हणेल. क: वर्गाच्या मागच्या दाराची कडी तुटकी होती. हे जरा बरं, दुसरं कुणी येऊ शकलं असतं. ड: चपला तिच्या आईने रविवारच्या बाजारात घेतल्या होत्या, आणि सोमवारी पी.टी.ला पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे म्हणून त्या तिने मंगळवारी घातल्या.

उत्तर ड. पैसे सोमवारी गेले आणि चपला रविवारच्या.

आणि पर्याय ड माझ्याकडे होता. त्या रविवारी मी आईबरोबर भाजीला गेले होते. चपलांच्या गाड्यापुढे ती एक पाय पुढे करून उभी होती आणि तिची आई भाव पाडत होती. मी पाहिलं आणि पुढे गेले. मंगळवारी मधल्या सुट्टीत तो घोळका जमला तेव्हा मी त्यात उभी होते आणि मला सगळं स्वच्छ आठवत होतं. ड सांगून ती निर्दोष ठरली नसती, हे खरं. पण चपला गळाल्यावर उरलं काय असतं? तापाने फणफणलेली, वर्गात एकटी बसलेली एक मुलगी. तेवढ्यावर कुणाला दोन वर्षं एकटं पाडता आलं नसतं.

मी का बोलले नाही? मॉनिटर माझी जिवलग मैत्रीण होती. चोरी झाली नाही म्हटलं तर पैसे तिने हरवले असं झालं असतं. तिच्याशी मी या भाषणाआधी बोलले आहे, ती इथेच बसली आहे. आणि दुसरं, सगळ्यांना पटलेल्या गोष्टीत मोडता घालायचा धीर मला नव्हता. मला कळलं नव्हतं असं नाही. भूमितीत माझे मार्क कधी कमी पडले नाहीत. ते पैसे कुठे गेले, हे आजही कुणाला माहीत नाही.

गेल्या महिन्यात मी तिचा नंबर मिळवला. ती शिवणकाम करते, घरात तीन मशीन आहेत, दोन बायका कामाला येतात. मी एका दमात सगळं सांगितलं. मागे चालू असलेलं मशीन थांबल्याचं मला ऐकू आलं. मग ती म्हणाली, ‘मला माहीत होतं गं. तू आम्हाला बघितलंस, ते मी बघितलं होतं. दोन-तीन दिवस वाटत होतं, तू सांगशील.’

यावर मला काही बोलता आलं नाही. मी माफी मागितली, ती ‘असू दे’ म्हणाली. ते असू दे खरं किती आणि माझी अडचण सोडवण्यासाठी किती, हे मी विचारलं नाही.

हे मेळाव्यात सांगू का, म्हटलं तर थोडा विचार करून म्हणाली, ‘नाव घेऊ नकोस. बाकी सांग. चपला पंच्याहत्तरच्या होत्या, आईने पासष्टला घेतल्या, तेही सांग.’ म्हणून सांगितलं.

तिला आज यायला जमलं नाही. लग्नसराई आहे, सुई खाली ठेवायला वेळ नाही, म्हणाली. स्मरणिका मात्र तिला वाचायची आहे. संयोजकांनो, एक प्रत जास्त छापा. पत्ता माझ्याकडे आहे, पोचवायलाही मीच जाते.